गाणी पुढे ढकलली कोणी?

सोसायटीचा ग्रुप, बडोदे. शनिवार, रात्री १०:४८

ए-३०२ काकू: सभागृहात आज जे झालं त्याबद्दल आत्ताच लिहिते, नाहीतर झोप लागणार नाही. 'कट्यार काळजात घुसली' सिनेमा लावायचा म्हणून आपण दोन आठवडे ठरवत होतो. मी बहिणीला मांजलपूरहून बोलावलं, गुडघे दुखत असताना ती आली. आणि गाणं सुरू झालं रे झालं की ते पुढे ढकललेलं! 'घेई छंद मकरंद'सुद्धा दोन ओळींत उरकलं. हे कोणी केलं आणि कोणाच्या सांगण्यावरून?

सेक्रेटरी: नमस्कार. सभागृह रात्री १० वाजता बंद होते. तसा ठराव आहे. 🙏

ए-३०२ काकू: ठराव मला माहीत आहे, त्या मीटिंगला मी होते. मी विचारतेय गाणी का कापली.

बी-४०१: काकू, आज कट्यार गाण्यांच्याच काळजात घुसली 😄

ए-३०२ काकू: हसण्यावारी नेऊ नका.

सी-४०२: काकू, लॅपटॉपवर मी होतो. साडेसातला सुरू करायचं होतं, पण प्रोजेक्टरची वायर सापडेना. सव्वाआठ तिथेच झाले. सिनेमा अडीच तासांच्या वर आहे. शेवट तरी सगळ्यांना बघायला मिळावा म्हणून गाणी पुढे केली. स्टोरी कळावी म्हणून. सॉरी.

ए-३०२ काकू: अरे, तुझ्यावर राग नाही. पण "स्टोरी कळावी म्हणून गाणी काढली" हे तुझंच वाक्य एकदा परत वाच.

सी-३०३ दादा: वायर शेवटी लिफ्टच्या खोलीत मिळाली, हे तो सांगत नाहीये. कोजागिरीला माइकही तिथेच सापडला होता. त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, सगळ्यांना माहीत आहे.

खजिनदार: लिफ्टच्या खोलीतली वायर आपली जुनी. माहिती घेऊन लिहावे. प्रोजेक्टरच्या भाड्याची वर्गणी घरटी ५० रुपये, ए विंगमधून चार घरांची बाकी.

ए-१०१ वहिनी: माझे मी उद्या देते हो. चकल्यांचा डबा सभागृहात राहिलाय का कोणाला दिसला? स्टीलचा, झाकणावर नाव आहे.

बी-१०४ काका: मला गाणी गेल्याचं तेवढं वाईट वाटलं नाही. "ऐतिहासिक चित्रपट" असं पत्रकात छापलं होतं. यात इतिहास कुठे आहे? विश्रामपूर नावाचं संस्थान कुठल्या नकाशावर दाखवा. एक गायक, दुसरा गायक, राजाने दिलेली कट्यार, ती ज्याच्याकडे त्याला एक खून माफ. गोष्ट म्हणून ठीक. मी 'बाजीराव मस्तानी' सुचवला होता, त्यावर कोणी उत्तरच दिलं नाही.

ए-१०१ वहिनी: काका, तो मी परवाच टीव्हीवर परत बघितला. काय ते आरसे, काय ते कपडे! माझा चहा उतू गेला.

बी-१०४ काका: आरसे बघा तुम्ही. मी डभोईची वाट बघत बसलो होतो. १ एप्रिल १७३१. बाजीराव आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे समोरासमोर, आणि त्रिंबकराव तिथेच पडले. आपल्या बडोद्यापासून तीसेक किलोमीटरवर! गायकवाड दाभाड्यांच्या बाजूने होते. आपल्या गावाचा इतिहास जिथून वळला ती लढाई ही. आणि पडद्यावर काय, तर काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतायत.

सी-३०३ दादा: पिंगा चांगला होता काका.

बी-१०४ काका: चांगला होता की खरा होता?

बी-४०१: काका, डभोईला आता लोक डाळवडे खायला जातात. दाभाडे कोणाला आठवतात?

बी-१०४ काका: तेच दुखणं आहे.

ए-२०४ बेन: हुं मराठी बोली नथी शकती पण समजाय छे. मने तो गीतो ज जोवां हतां. एज काढी नाख्यां?

ए-३०२ काकू: बघा! बेनना कळलं.

सेक्रेटरी: सभागृह रात्री १० वाजता बंद होते. तसा ठराव आहे. 🙏

सी-३०३ दादा: नवरात्रात नऊ रात्री बारापर्यंत ढोल असतो. तेव्हा ठराव कुठे जातो?

सेक्रेटरी: नवरात्र आवारात असते. ठराव सभागृहाचा आहे.

ए-२०४ बेन: गरबो तो माताजीनो छे, भाई.

सी-३०३ दादा: बेन, गरब्याविरुद्ध एक शब्द नाही. माझी मुलगी पहिल्या फेरीत असते. मी फक्त म्हणतोय की वर्षातून एकदा मराठी कार्यक्रम असतो तेव्हाच घड्याळ दिसतं.

(सी-३०३ दादा यांनी एक मेसेज डिलीट केला)

ए-१०१ वहिनी: काय लिहिलं होतं?

बी-४०१: मी वाचलं. चांगलं केलं काढलं ते.

रविवार, सकाळी ८:२०

ए-३०२ काकू: रात्री झोप लागली नाही. काल रागात लिहिलं, आता नीट लिहिते. मोठं होईल, पण वाचा.

'कट्यार' मूळ नाटक १९६७चं. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि त्यातल्या दोन गायकांपैकी खाँसाहेब होते वसंतराव देशपांडे. २०१५ साली सुबोध भावेंनी सिनेमा केला तेव्हा मला धास्ती होती की नव्या मुलांसाठी गाणी पातळ करतील. तसं झालं नाही. दुसरे गायक, पंडितजी, झाले शंकर महादेवन. अभिनयात थोडे अवघडलेले वाटतात, पण गळा उघडला की ते सगळं विसरायला होतं. सचिन पिळगावकरांचे खाँसाहेब पहिल्यांदा बघताना मला फार नाटकी वाटले होते. दुसऱ्यांदा बघताना वाटलं, पंडितजींपुढे वर्षानुवर्षं हरत आलेला माणूस असाच मान ताठ ठेवून चालेल. मी माझं मत बदललं.

आता 'घेई छंद'बद्दल. शब्द तेच आहेत. पंडितजी ते शांतपणे उलगडत नेतात. खाँसाहेब त्याच शब्दांवर तानांचा पाऊस पाडतात. दोन घराणी आहेत ती, आणि दोन स्वभाव. पंडितजींच्या शिष्याच्या, सदाशिवच्या कानात पहिलं गाणं आहे आणि त्याला शिकायचं आहे ते दुसऱ्याच्या पायाशी बसून. त्याचं सगळं दुखणं यात आहे. दोन्ही चाली ऐकल्या नाहीत, तर हा मुलगा एवढा का तळमळतो ते कसं कळणार? काल शेजारी बसलेल्या एका मुलीने मला विचारलं, "आजी, हे नुसते एका खंजिरासाठी भांडतायत का?" तिची काही चूक नाही. तिला आपण तेवढंच दाखवलं.

बी-१०४ काका: काकू, हे पटलं. तरी पत्रकात "ऐतिहासिक" लिहायला नको होतं.

बी-४०१: पत्रक कोणी बनवलं होतं?

ए-१०१ वहिनी: मी. 🙏 "जुन्या काळातला" कसं लिहायचं ते सुचलं नाही.

बी-१०४ काका: वहिनी, तुमच्यावर नाही हो माझा रोख.

सी-४०२: काकू, एक विचारू? मी 'छावा' थिएटरला बघितला. त्यात ए. आर. रेहमानचं संगीत आहे, पण मला गाणी आठवतच नाहीत, शेवटची अर्ध्या तासाची यातना तेवढी आठवते. घरी येऊन जेवलो नाही. म्हणजे गाण्यांशिवायही सिनेमा आत जातो ना?

ए-३०२ काकू: जातो की. 'छावा'ची गोष्ट तलवारीवर उभी आहे, 'कट्यार'ची गळ्यावर. तलवारीचा प्रसंग कापून 'छावा' दाखवला असता, तर तू काय म्हणाला असतास?

बी-१०४ काका: 'छावा'तलं संभाजी महाराज आणि येसूबाईंचं लेझीम लोकांनी हरकत घेतल्यावर प्रदर्शनाआधीच काढलं. योग्य केलं.

ए-१०१ वहिनी: मला नाही पटलं. लेझीम आपलंच आहे ना? राजा-राणीने आनंद करू नये का?

बी-१०४ काका: आनंद करावा. कॅमेऱ्यासमोर ठेका धरू नये.

बी-४०१: म्हणजे गाणी कापायची सवय फक्त आपल्याच सोसायटीला नाही 😄

बी-१०४ काका: दोन्ही गोष्टी एका तागडीत टाकू नका.

ए-१०१ वहिनी: मी 'फुलवंती' बघितला, मोबाइलवर, दोन दुपारी मिळून. पेशवाईतला आहे, काका, पण इतिहास शोधू नका, आधीच सांगते. नर्तकी आणि शास्त्रीबुवांची पैज आहे. मधे जरा रेंगाळतो. पण प्राजक्ता माळी नाचायला उभी राहते तेव्हा तिची पावलं बघत राहावीशी वाटतात. सासूबाई आतून विचारत होत्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या. मला एकही ऐकू आली नव्हती.

सी-३०३ दादा: मी वसंतराव देशपांडेंवरचा 'मी वसंतराव' बघितला. आवडला, पण लांब वाटला. अर्धा वेळ तो माणूस ऑफिसात फायली चाळतोय.

ए-३०२ काकू: अहो, तेच तर त्यातलं सोनं आहे! एवढा गळा असलेल्या माणसाने मिलिटरी अकाउंट्समध्ये वर्षानुवर्षं नोकरी केली. बदली झाली की गेले. गाणं संध्याकाळी, सुट्टीत, मैफलीचं बोलावणं आलं तर. आपल्या दांडिया बाजारात असे कितीतरी कारकून मी पाहिले आहेत, दिवसा बँक आणि रात्री तंबोरा. माझे वडीलच तसे. त्या फायली बघताना मला रडू आलं. आणि आजोबांची भूमिका नातू करतोय. 'कट्यार' सिनेमात खाँसाहेबांचा गाता आवाजही त्याच नातवाचा, राहुल देशपांडेंचा. ज्यांनी नाटकात खाँसाहेब उभे केले, त्यांच्याच घरातून तो आवाज परत आला.

सी-३०३ दादा: हे माहीत नव्हतं. परत बघतो.

बी-१०४ काका: खाँसाहेब म्हटलं की जुन्या बडोदेकराला फैयाज खाँ आठवतात. आफताब-ए-मौसिकी ही त्यांची पदवी. सयाजीराव महाराजांच्या दरबारचे गायक, १९५०मध्ये इथेच गेले, कबर इथेच आहे. 'कट्यार'मधल्या खाँसाहेबांचं नावही आफताब. ऐकलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो होतो. हे मात्र मान्य.

ए-३०२ काकू: आणि काका, गायिका हिराबाई बडोदेकर! आडनावातच आपलं गाव. गायक मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ची, इथलीच. सिनेमावाले दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीला गायकवाड सरकारचा आश्रय होता. २०११चा 'बालगंधर्व' बघताना मी हेच सगळं शेजारच्या खुर्चीला सांगत होते. 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११चा. त्याच दिवशी घरात लेक गेलेली, आणि हा माणूस नायिका भामिनी होऊन उभा राहिला. आनंद भाटेंच्या आवाजात ती पदं ऐकताना मला श्वास घ्यायचं सुचत नव्हतं. अशा गावात आपण गाणी पुढे ढकलतो, म्हणून मला लागलं. एवढंच.

ए-२०४ बेन: बहु सरस लख्युं, काकी.

सेक्रेटरी: सभागृह रात्री १० वाजता बंद होते. तसा ठराव आहे. पुढच्या वेळी ६ वाजता सुरू करावे.

सी-३०३ दादा: सहाला ऑफिसातून कोण आलेलं असतं?

सेक्रेटरी: मग रविवार ठेवा.

सी-३०३ दादा: हे आधी सांगता आलं असतं.

सेक्रेटरी: आधी कोणी विचारलं नाही. दहानंतर आवाज झाला की तळमजल्यावरून फोन मला येतो, तुम्हाला नाही. तिथे आजारी माणूस आहे, हे लिहायची वेळ आणू नका.

(बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही)

ए-३०२ काकू: हे मला ठाऊक नव्हतं, भाऊ. मग दहाचं बरोबर आहे. काल तुम्हाला टाकून बोलले असेन तर मनात ठेवू नका.

सेक्रेटरी: नाही काकू. 🙏

बी-४०१: जानेवारी २०२५मध्ये आलेला 'संगीत मानापमान' कोणी बघितला का? बायको म्हणते बघू या, मी टाळतोय.

ए-३०२ काकू: बघा. तलवारबाजी आणि महाल जरा जास्तच आहेत, मूळ नाटकातली नजाकत त्यात दबते. शंकर-एहसान-लॉयच्या चाली मला पहिल्या ऐकण्यात परक्या वाटल्या. पण माझा नातू बाहेर पडताना गुणगुणत होता, आणि घरी आल्यावर त्याने जुनी पदं मागून घेतली. माझ्यासाठी तेवढ्याने तिकीट वसूल.

ए-१०१ वहिनी: डबा सापडला! सी विंगच्या जिन्यात. चकल्या नाहीत.

बी-४०१: मी गप्प आहे.

रविवार, रात्री ९:१५

सी-४०२: काकू, दुपारी दोन्ही 'घेई छंद' पूर्ण ऐकली. हेडफोन लावून, न ढकलता. ऐकताना खाँसाहेबांचं भारी वाटलं, तीन वेळा लावलं. पण संध्याकाळी फतेहगंजला मित्रांबरोबर सेवउसळ खात होतो, तेव्हा डोक्यात पंडितजींची चाल चालू होती. असं का?

ए-३०२ काकू: हे लिहून सांगता येणार नाही. येत्या रविवारी माझ्याकडे ये. तंबोरा आहे, सिनेमाही टीव्हीवर लावू, सुरुवातीपासून. ज्यांना यायचं त्यांनी या.

ए-२०४ बेन: हुं पण आवुं?

ए-३०२ काकू: आवो ने, बेन. तमारे तो आववुं ज पडे.

बी-१०४ काका: मी येतो. डभोईबद्दल बोलणार नाही.

ए-३०२ काकू: बोला हो. मध्यंतरात बोला.

सेक्रेटरी: किती वाजता?

ए-३०२ काकू: पाचला. बहिणीला कोणीतरी मांजलपूरहून आणा, रिक्षात चढताना तिचा गुडघा दुखतो.

सी-४०२: मी ॲक्टिव्हावरून आणतो.

ए-३०२ काकू: ॲक्टिव्हा नको. वडिलांची गाडी आण.

खजिनदार: ए विंगमधून अजून तीन घरांची बाकी.