म्युझिकॉलॉजी शिकताना आधी कप्पे की आधी कान?

खर्ज_पंचम (धागाकर्ता):
म्युझिकॉलॉजीची, म्हणजे संगीताच्या चिकित्सक अभ्यासाची, ओळख बहुतेक वेळा शाखांच्या तक्त्यापासून होते: ऐतिहासिक, सिस्टिमॅटिक (ध्वनी, सिद्धांत वगैरे), एथ्नो (लोकांमध्ये बसून केलेला अभ्यास). विद्यार्थी पाठ करतो आणि तिथेच विषयावरून मन उडतं. माझ्या मते पहिल्या वर्षी हा तक्ता देऊच नये. मूळ विभागणी ग्विडो आडलर या ऑस्ट्रियन संगीत-अभ्यासकाची, १८८५ची. एकीकडे इतिहास, दुसरीकडे सिद्धांत, सौंदर्यविचार, अध्यापन. आणि युरोपबाहेरचं संगीत 'तुलनात्मक' नावाच्या पोटकप्प्यात! गंमत म्हणजे त्याच वर्षी अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने देशोदेशीची सप्तकं मोजून मांडली. स्वरांमधलं अंतर मोजायचं सेंट हे माप त्याचंच: एका सप्तकाचे १२०० सेंट. मोजणी भौतिकाची, निष्कर्ष संस्कृतीचा: स्वरांच्या जागा निसर्गाने सगळ्यांना एकच नेमून दिलेल्या नाहीत. याला कुठल्या कप्प्यात बसवणार?

तिहाई:
साफ असहमत. कप्पे नकोत म्हणणारे शेवटी खिचडी करतात. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडा. घोडीवरचा जवारीचा दोरा तारेखाली किंचित सरकवा. नेमक्या जागी आला की आतून गंधार उमटतो, कुणी न छेडताच. हा स्वयंभू गंधार मूळ कंपनसंख्येच्या पाचपटीतून येतो; सप्तकात आणला तर षड्जापासून साधारण ३८६ सेंटवर. पेटीचा गंधार ४००वर. हे १४ सेंट कुठून आले ते ध्वनिशास्त्र सांगतं. पेटीचे बारा स्वर समान अंतरावर का बसवले, ते इतिहास सांगतो. आणि फरक कानाला कळत असूनही गवई पेटीची साथ का घेतात, हे गवयांमध्ये बसूनच विचारावं लागतं. प्रश्न तीन, पुरावेही तीन जातींचे.

खर्ज_पंचम:
अहो, तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत! आधी गंधार ऐकवलात, मग कप्पे उघडलेत.

तिहाई:
उघडता आले, कारण मला ते आधीपासून माहीत होते. नवखा गंधार ऐकून 'वा' म्हणेल आणि उठून जाईल.

जुनी_पेटी:
एक गोष्ट दोघांच्याही हातून निसटतेय. आपल्याकडे 'संगीतशास्त्र' म्हटलं की थाट, जाती, वादी-संवादी. ते व्याकरण झालं. भातखंड्यांचे दहा थाट, म्हणजे रागांचे दहा गट, पाठ करणं वेगळं, आणि ते दहाच का, कशासाठी मांडले, हे तपासणं वेगळं. हे तपासणं म्हणजे म्युझिकॉलॉजी. मी गायनाच्या चार परीक्षा दिल्या, एकाही पेपरात हा फरक विचारला नाही. शाखांचं नंतर बघू.

शंकासूर:
मला 'एथ्नो' हेच खटकतं. याप कुन्स्ट या डच अभ्यासकाने १९५०च्या सुमारास हा शब्द रुळवला, कारण 'तुलनात्मक' नको झालं होतं. तुलना काय, सगळीच शास्त्रं करतात. पण युरोपातल्या सिम्फनीच्या अभ्यासाला नुसतं म्युझिकॉलॉजी आणि उरलेल्या जगाला 'एथ्नो'? ऑर्केस्ट्राच्या तालमीला महिनाभर बसून टिपणं काढली तर ते काय म्हणायचं?

तिहाई:
तेही एथ्नोच. आता मुलुखावरून नाही, अभ्यासाच्या पद्धतीवरून ठरतं. म्हणून तर तक्ता हवा.

खर्ज_पंचम:
म्हणजे तक्ता आडलरचा आणि अर्थ आजचा! मग तो इतिहासाच्या तासाला ठेवा ना.

तिहाई:
चालेल. पण तो तास पहिल्याच आठवड्यात घ्या.