एडिटिंगमधी गाणं टाकलं की 'कट्ट' वाजते

राम राम भाऊ. गावच्या शंकरपटाचा व्हिडिओ बनवून रायलो. मागं लावाले डफड्याचं एमपीथ्री घेतलं. मोबाईलवर साजरं वाजते, पण टाइमलाइनवर टाकलं की दर दोन-तीन सेकंदाले 'कट्ट'. सॉफ्टवेअर तीनदा काढून टाकलं. दारव्ह्याच्या दुकानवाल्यानं स्पीकर बदल म्हटलं!

▸ स्पीकर कायले बदलतं बाप्पा? एमपीथ्री व्हेरिएबल बिटरेटचं (दर सेकंदाचा डेटा कमी-जास्त होणारं) असन, एडिटर त्यात अडखळते. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमधी उघड, ४८००० हर्ट्झ, १६ बिट वेव्ह (WAV) फाइल करून एक्सपोर्ट कर. तेच टाक.

▸ अन् जुनी मीडिया कॅश (एडिटरनं साठवलेल्या तात्पुरत्या फायली) पुस. मी नाई पुसली, तं नव्या फायलीतही जुनीच कटकट ऐकत बसलो होतो अर्धी रात्र. पेनड्राइव्हवरून डायरेक्ट नको चालवू.

▸ (प्रश्नवाला) कट्ट गेलं! ४ एमबीचं गाणं ३५ एमबीचं झालं, होऊ दे. पण माह्या मोबाईलच्या शूटिंगमधी निवेदकाचे ओठ अन् आवाज शेवटी शेवटी जुळत नाई.

▸ तो गाण्याचा दोष नोय. मोबाईल व्हेरिएबल फ्रेमरेटनं (सेकंदाले कधी कमी, कधी जास्त चित्रं) शूट करते. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधी कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेमरेट निवडून क्लिप बदलून घे. लाइन जायच्या आत लाव, वेळ लागते.