निसर्ग माहिती केंद्राची डागडुजी: ४२ लाख कसे उभे करावेत?

कोयनाकाठ
कोयना खोऱ्यात वनविभागाच्या जागेत आमचा नोंदणीकृत न्यास निसर्ग माहिती केंद्र चालवतो. शनिवार-रविवारी शाळांच्या दोन-दोन बस एकदम येतात आणि शौचालयं फक्त दोन. पावसाळ्यात तीही तुंबतात. दालनातले फलक फिके पडलेत. तीन पायऱ्या असल्याने चाकाची खुर्ची आत जात नाही. अंदाजपत्रक ४२ लाखांचं, हाताशी ६ लाख. ८०जी (देणगीदाराला करवजावट देणारी नोंदणी) आहे, सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी, म्हणजे सीएसआर, घेण्यासाठीची नोंदणी) नाही. आधी कुणाचं दार ठोठवावं?

हिशेबनीस
आधी वनविभागाचं. सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती सीएसआर क्रमांक असलेल्या न्यासाच्या, लाभार्थी गटाच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर लागते. तुमच्याकडे जमीन सरकारची आणि चालवणार तुम्ही. त्यामुळे इमारत कुणाची, देखभाल कुणाकडे, हे लिहिलेला करार नसेल तर कंपनीचा विधी विभाग फाइल परत पाठवणार. काम शक्यतो जुन्या जोत्यातच बसवा. जोतं वाढवलं की वन संवर्धन कायद्याच्या परवानगीचा प्रश्न उभा राहतो आणि वर्ष त्यातच जातं. सीएसआर-१ चा अर्ज ऑनलाइन असतो, सीए भरून देईल.

मोठ्या नावांच्या मागे लागू नका. ५ कोटी निव्वळ नफा झाला की कंपनी सीएसआरच्या कक्षेत येते. घाट उतरून लोटे-परशुराम, खेर्डीच्या औद्योगिक वसाहतींत चौकशी करा. ज्यांची वर्षाची सीएसआर रक्कम ५० लाखांच्या आत आहे त्यांना वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. निर्णय लवकर होतो.

आणि फेब्रुवारीत फोन येईल, "३१ मार्चच्या आत खर्च दाखवा, पैसे देतो." बांधकामाला ते जमत नाही. 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करून घ्या: सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे ३ वर्षं मिळतात, आणि न खर्चलेली रक्कम कंपनी ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवते.

काळापाषाण
पैशाआधी अंदाजपत्रक पुन्हा उघडा. १८ टक्के जीएसटी धरलाय का? घाटातली वाहतूक? किमान ५ टक्के आकस्मिक खर्च?

फक्त पावसाळ्यात तुंबतं म्हणजे भांड्यात दोष नाही. भूजल वर येतं, शोषखड्डा पाणी घेत नाही आणि मैला उलटा फिरतो. त्यावर नव्या टाइल्स लावणं म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः. ऑगस्टमध्ये चाचणी खड्डा खणून पाणी किती खाली लागतं ते मोजा. खड्ड्याचा तळ आणि पाणी यांत २ मीटर अंतर राहत नसेल तर बंद सेप्टिक टाकी आणि जमिनीवर उचललेला खडी-वाळूचा, झाडं लावलेला गाळणवाफा करा. संडास दुप्पट करण्यापेक्षा मुताऱ्या आणि बाहेर नळांची रांग वाढवा. शंभर मुलं एकदम उतरतात तेव्हा खोळंबा तिथेच होतो.

उतार १:१२ लागतो. १५ सेंमीच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंमी, म्हणून ५.४ मीटर उतार आणि दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर सपाट जागा. ८.४ मीटर सरळ लांबी नकाशावर सापडते का ते बघा, नाहीतर वळण घ्या. गुळगुळीत कोटा फरशी नको, जूनअखेर शेवाळ धरते. छिन्नीने टाचलेला खडबडीत दगड वापरा.

पावतीपुस्तक
सगळे ४२ लाख एकाकडे मागू नका. शौचालय आणि उतार कंपनीकडे: स्वच्छता आणि पर्यावरण दोन्ही कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत, आहेत. वाहनतळ, पोचरस्ता जिल्हा नियोजन समितीकडे. स्थळाला 'क' वर्ग पर्यटन दर्जा आहे का ते पाहा. तो पैसा तुमच्या हातात येणार नाही, कामही सरकारी यंत्रणाच करील. फलक आणि बाकं लोकवर्गणीतून. शौचालयावर आजोबांचं नाव कुणाला नको असतं.

८०जीचा मोह दाखवताना जपून: नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही, आणि २,००० रुपयांवर रोख दिली तर जुन्यातही नाही. देणग्यांचं विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरायचं, उशिराला रोज २०० रुपये. परदेशातल्या देणगीदाराकडे भारतीय पासपोर्ट असेल तर हरकत नाही. नागरिकत्व बदललं असेल तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीचं) कार्ड असलं तरी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालच्या नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

अडतं ते ८५ टक्क्यांच्या नियमात: करमाफी हवी तर न्यासाने वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच वर्षी खर्चायला हवेत. निधी दोन वर्षांत जमणार असेल तर पहिल्या वर्षाची शिल्लक करात सापडते. विश्वस्तांचा ठराव करून विशिष्ट हेतूसाठी ५ वर्षांपर्यंत संचय दाखवता येतो, पण तो अर्ज विवरणपत्राच्या मुदतीच्या २ महिने आधी जायला हवा. नव्या आयकर कायद्यात फॉर्मांचे क्रमांक बदललेत, सीएला विचारून घ्या.

कोयनाकाठ
चाचणी खड्डा ऑगस्टमध्ये घेतो. देखभालीसाठी तिकीट लावलं तर?

हिशेबनीस
ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात प्रवेशशुल्क आहे, पण ते सरकारी प्रतिष्ठानाचं. तुम्ही वनजमिनीवर आहात, तेव्हा पावती कुणाच्या नावाने फाडायची आणि सफाई कामगाराचा पगार त्यातून निघणार का, ही दोन कलमं वरच्या करारातच घाला. नंतर घालायला गेलात तर प्रस्ताव पुन्हा पहिल्या टेबलापासून फिरतो.