गांधी टोपी आली कुठून? काश्मीर का आफ्रिकेतलं जेल?

आर्वीकडचा
राजेहो, आपल्याकडं लग्न असो का तेरवी, पाव्हण्याले दुपट्टा-टोपी दिल्याशिवाय चालत नाही. पण ज्याच्या नावाची टोपी त्या माणसानं ती जेमतेम दोनेक वर्षंच घातली हे किती जणांले माहीत हाय? 1915 ला आफ्रिकेतून आले तेव्हा डोक्यावर काठेवाडी फेटा, अन् सप्टेंबर 1921 मध्ये मदुराईत सदरा-टोपी दोन्ही सोडून पंचावर आले. म्हणजे 1936 ला सेवाग्रामले (तेव्हाचं शेगाव) राहायले आले तेव्हा टोपी केव्हाच गेली होती. गांधीजींनी स्वतः त्यांचे सहकारी काका कालेलकरांले सांगितलंय की वेगवेगळ्या प्रांतांच्या टोप्या पाहिल्या, त्यात काश्मिरी टोपीचा घाट आवडला, फेट्याले लय कापड लागते, ही घडी करून खिशात मावते, अन् पांढरी याच्यासाठी की घामाचा मळ दिसला पाहिजे म्हणजे माणूस ती धुतो. माझ्या मते हाच पक्का उगम.

जुना कास्तकार
नाही पटलं भाऊ. 1908 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या जेलात गांधीजींले तिथल्या काळ्या कैद्यांची टोपी घालावी लागली होती, भारतीय कैद्यांले त्याच वर्गात टाकत होते. बारा वर्षांनी तसलीच टोपी सगळ्या देशाच्या डोक्यावर येते, हा काय नुसता योगायोग? काश्मिरी टोपी तर लोकरीची. अपमानाची वस्तू मानाची करायची हा त्या माणसाचा स्वभावच होता.

आर्वीकडचा
स्वभाव मान्य, पण स्वभावावरून उगम ठरत नाही ना. घाट काश्मीरचा घेतला अन् कापड खादीचं, यात अडचण काय हाय? त्यांनी स्वतः दिलेलं कारण बाजूला ठेवून आपण दुसरं काऊन जोडायचं?

सेलूची लेक
दादा, तुम्ही दोघंही शिवणाऱ्याच्या हाताकडंच पाहून राहिले. टोपी तर पुष्कळ होत्या, हीच काऊन राहिली? कारण सरकारनं तिला घाबरून दाखवलं. असहकाराच्या काळात ही टोपी घालून कोर्टात उभं राहणाऱ्या वकिलांवर कारवाई झाली, सरकारी नोकरांना मनाई झाली. अन् आपल्या नागपुरात डिसेंबर 1920 च्या काँग्रेसमध्ये असहकारावर शिक्कामोर्तब झालं, 1923 ला झेंडा सत्याग्रह झाला, चरख्याचा झेंडा घेऊन पोरं सिव्हिल लाइन्सकडं निघायची अन् जेलात जायची. गांधीजींनी सोडल्यावरही ती लोकांच्या डोक्यावर राहिली, म्हणून माझ्यासाठी ती या लोकांची, काश्मीरची पण नाही अन् जेलाची पण नाही.

जुना कास्तकार
ताई, लोकांनी टिकवली हे शंभर टक्के खरं. पण आपल्या चर्चेचा प्रश्न ती आली कुठून हा हाय, टिकली कशी हा नाही. जेलाची गोष्ट मी सोडत नाही.

आर्वीकडचा
अन् मी कालेलकरांची.