सी प्रोग्राममध्ये लायब्ररी स्टॅटिक जोडावी की डायनॅमिक?

सी-साधक: ग्राहकाच्या यंत्रावर जाणारी छोटी साधने स्टॅटिक लिंक करूनच (म्हणजे लायब्ररीतील तयार फंक्शनांचा कोड प्रोग्रामच्या फाइलमध्येच घालून) पाठवावीत, असे माझे ठाम मत आहे; डायनॅमिकमध्ये लायब्ररी चालताना यंत्रावरून घेतली जाते. उबुंटू 22.04 या लिनक्सवर कंपाइल केलेला, नोंदी गोळा करून दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवणारा एक प्रोग्राम मी एका कारखान्यातील सेंटओएस 7 या जुन्या लिनक्सच्या यंत्रावर नेला, तेव्हा 'जीलिबसी 2.34 आवृत्ती सापडली नाही' एवढाच संदेश पडद्यावर आला. जीलिबसी ही लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी; त्या यंत्रावर तिची 2.17 आवृत्ती होती. मी नवीन असे काहीही वापरले नव्हते. परंतु मेनच्या आधी चालणाऱ्या आरंभीच्या फंक्शनलाच 2.34 मध्ये नव्या आवृत्तीचा शिक्का लागलेला असल्यामुळे साधा 'हॅलो वर्ल्ड'सुद्धा तिथे चालला नसता. यंत्राला इंटरनेट नव्हते आणि जीलिबसीला हात लावण्याची परवानगी मिळणे शक्यच नव्हते. शेवटी नोंदी दाबणाऱ्या झेडलिब या लायब्ररीसह सगळे आत घेऊन स्टॅटिक लिंक केले आणि ती एकच फाइल पेन ड्राइव्हवरून नेली. ती लगेच चालू झाली.

रात्रपाळी: आपली अडचण खरी आहे, पण तिचे निदान मला पटत नाही. जुन्या जीलिबसीवर लिंक केलेला प्रोग्राम नव्या जीलिबसीवर चालतो, उलट मात्र चालत नाही. म्हणून सेंटओएस 7 च्याच कंटेनरमध्ये (आपल्याच यंत्रावर ती प्रणाली वेगळी चालवून) कंपाइल केले असते, तर डायनॅमिक लिंकिंग ठेवूनही काम झाले असते. मी सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे माझी काळजी वेगळी आहे. एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतील हार्टब्लीड दोष उघड झाला, तेव्हा जिथे लायब्ररी सामायिक (डायनॅमिक जोडलेली) होती तिथे दुरुस्त पॅकेज टाकून सेवा पुन्हा सुरू करणे पुरेसे होते (प्रमाणपत्रे आणि किल्ल्या बदलण्याचे काम निराळे). ज्या प्रोग्रामांनी तीच लायब्ररी पोटात घेतली होती, ते मात्र एकेक करून शोधावे लागतात, आणि पूर्ण स्टॅटिक फाइलवर एलडीडी (जोडलेल्या लायब्रऱ्यांची यादी देणारे साधन) चालवले तर ते 'डायनॅमिक नाही' एवढेच सांगून थांबते.

मुक्त-स्रोत: यात एक भर घालतो. जीलिबसी स्टॅटिक जोडली तरी नाव-पत्ता शोधणारे गेटॲड्रइन्फो हे फंक्शन चालताना सामायिक लायब्ररीच मागते, तीही लिंक करताना होती त्याच आवृत्तीची. लिंकर तशी सूचना देतो, पण आपण ती वाचत नाही. पूर्ण स्टॅटिकच हवे असेल तर मसल ही पर्यायी सी लायब्ररी वापरावी. शिवाय जीलिबसी एलजीपीएल या मुक्त-स्रोत परवान्याखाली आहे, त्यामुळे बंद स्रोताचा प्रोग्राम तिच्याशी स्टॅटिक जोडून वाटला, तर ग्राहकाला लायब्ररी बदलून पुन्हा लिंक करता येईल एवढ्या ऑब्जेक्ट (कंपाइल झालेल्या, पण अजून लिंक न केलेल्या) फाइल द्याव्या लागतात. आपण त्या दिल्या होत्या का?

सी-साधक: आमचा सोर्स ग्राहकाकडेच असतो, त्यामुळे परवान्याचा प्रश्न येत नाही, आणि हा प्रोग्राम नेटवर्कला हातही लावत नाही. परंतु सामायिक लायब्ररी म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण मला मान्य नाही. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइल दाबणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत लपवलेला चोरदरवाजा सापडला. दूरस्थ लॉगिनसाठीच्या ओपनएसएसएचला त्यातील लिबएलझेडएमए लायब्ररीची मुळात गरज नव्हती. काही लिनक्स वितरणांनी ओपनएसएसएचच्या एसएसएचडी या सेवेला लिबसिस्टमडी ही दुसरी लायब्ररी जोडली होती आणि तिच्या पाठोपाठ लिबएलझेडएमए त्याच प्रोसेसमध्ये येऊन बसत होती. आपण जे मागितले नाही तेही अशा रीतीने आत येते, याचा विचार व्हायला हवा.

रात्रपाळी: तो घाव अवलंबनांच्या साखळीचा आहे, तीच साखळी स्टॅटिक जोडली असती तर ती लायब्ररी फाइलच्या आतच जाऊन बसली असती, आणि मग ती काढणे अधिक अवघड झाले असते. मी एकच विचारतो: त्या कारखान्यातील फाइलमध्ये झेडलिबची कोणती आवृत्ती आहे?

सी-साधक: आपण विचारल्यावर माझ्याकडील प्रतीवर स्ट्रिंग्ज (फाइलमधील मजकूर दाखवणारे साधन) चालवून 'डिफ्लेट' हा शब्द शोधला, तर 1.2.11 असे निघाले. लिंक करताना मी जुन्या फोल्डरमधील सोर्स तसाच उचलला होता. डिफ्लेटमध्ये, म्हणजे झेडलिबच्या दाबणाऱ्या भागात, विशिष्ट इनपुटवर मेमरी बिघडवणारा दोष 1.2.12 मध्ये, म्हणजे मार्च 2022 मध्ये दुरुस्त झाला, आणि माझा प्रोग्राम नोंदी दाबण्यासाठी नेमका तोच भाग वापरतो. स्टॅटिक लिंकिंगविषयीचे मत मी बदललेले नाही, पण नवी झेडलिब आणि मसल घेऊन फाइल पुन्हा बांधतो आहे. सोमवारी पेन ड्राइव्ह घेऊन कारखान्यात जाईन.