बराकपूरच्या कोठीचे जुने चित्र: मूळ छाप की नंतरची नक्कल?

कागदवेडा:
नमस्कार. नोकरीनिमित्त कोलकात्यात राहिलेल्या आमच्या मामांच्या संग्रहातील एक चौकटबंद रंगीत चित्र माझ्याकडे आले आहे. हुगळीचे रुंद पात्र, त्यातील नावा, काठाकडे उतरत गेलेली हिरवळ आणि डेरेदार झाडांच्या आड खांबांची पांढरी कोठी असे दृश्य असून, खालच्या समासात इंग्रजीत बराकपूरच्या कोठीचा उल्लेख व चित्रकार म्हणून जेम्स बेली फ्रेझर हे नाव आहे. हा मूळ छाप आहे की विसाव्या शतकातील नक्कल, हे घरच्या घरी कसे ओळखावे? शिवाय तो परिसर खरोखरच असा होता, की चित्रकाराने पदरचे काही घातले आहे?

ताम्रपट:
फ्रेझर हा स्कॉटिश प्रवासी-चित्रकार. त्याच्या कलकत्त्याच्या 24 दृश्यांचा संच 1824 ते 1826 या काळात लंडनमध्ये निघाला आणि बराकपूरचे दृश्य त्यातलेच आहे. ही चित्रे ॲक्वाटिंट पद्धतीची आहेत: तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी पसरून ती तापवून चिकटवतात आणि पत्रा आम्लात सोडतात, म्हणजे आम्ल फक्त कणांमधल्या जागा खाते व तेवढ्याच जागी शाई धरते. म्हणून चांगले भिंग घेऊन आकाशाचा भाग पाहावा. शाईची वेडीवाकडी जाळी आणि तिच्या घरांत कोऱ्या कागदाचे सूक्ष्म ठिपके दिसले, तर ते ॲक्वाटिंट समजावे. निळ्या, गुलाबी, पिवळ्या व काळ्या ठिपक्यांची शिस्तशीर रचना दिसली, तर ते ऑफसेट, म्हणजे आधुनिक यांत्रिक छपाईचे काम आहे. चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची कड उमटलेली असते, मात्र समास कापलेले असतील तर ती दिसणार नाही, आणि तेवढ्यावरून चित्र बाद ठरवू नये. कागद उजेडासमोर धरल्यावर जलचिन्हात (कागद बनवतानाच त्यात उमटवलेल्या खुणेत) 1826 नंतरचे साल आढळले, तर त्याच पत्र्यावरून पुढे काढलेली प्रत असू शकते. पाठीमागचा पुठ्ठा चिकटवलेला असल्यास तो स्वतः ओढून काढू नका.

कागदवेडा:
आभारी आहे. आकाशात आपण म्हणता तशी जाळी स्पष्ट दिसते, आणि नावेच्या शिडाचा रंग रेषेबाहेर किंचित ओघळलेला आहे.

ताम्रपट:
तो ओघळ शुभलक्षण मानावा, कारण या चित्रांत जलरंग हाताने भरलेले असत.

हुगळीकाठ:
दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. येथे निसर्गच आधी चित्रासारखा घडवलेला होता, त्यामुळे चित्रकाराने काय घातले हे वेगळे काढणे अवघड आहे. गव्हर्नर-जनरल लॉर्ड वेलस्लीने 1801 मध्ये ही जागा ताब्यात घेतली, इंग्लंडमधील जमीनदारांच्या उद्यानांच्या धर्तीवर हिरवळ, वृक्षराजी व प्राणिसंग्रहालय उभारले आणि भव्य प्रासादाचे काम सुरू केले. पण खर्चाचे आकडे पाहून कंपनीच्या संचालकांनी ते थांबवले. पुढे लॉर्ड हेस्टिंग्जच्या काळात (वॉरन हेस्टिंग्ज वेगळा) आज दिसणाऱ्या कोठीला आकार आला, आणि फ्रेझरने पाहिली ती हीच.

चित्राच्या चौकटीबाहेर काय राहिले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. उद्यानाला लागून लष्करी छावणी होती. ज्या वर्षी हा संच निघू लागला, त्याच 1824 च्या नोव्हेंबरात ब्रह्मदेशाच्या मोहिमेवर जाण्यास नकार देणाऱ्या हिंदी शिपायांवर तेथील कवायतीच्या मैदानात तोफा डागल्या गेल्या. मंगल पांडे यांचे बराकपूर हेच. समोरच्या काठावरचे श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते, आणि मिशनरी विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये व मराठी कोश 1810 मध्ये तेथीलच मिशन छापखान्यातून बाहेर पडले. आपल्या चित्रात पैलतीर दिसत असेल, तर त्या बाजूच्या इमारती भिंगातून अवश्य पाहाव्यात.