विषय: एक्स्चेंज सेमिस्टर, प्रोग्राम कसा निवडू?

नमस्कार मंडळी,
मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढच्या वर्षी एक सेमिस्टर बाहेर जायचंय. तीन युनिव्हर्सिट्यांचा प्रेफरन्स द्यायचाय आणि फॉर्म भरायला दोनच आठवडे राहिलेत. जर्मनीतली एक रँकिंगमध्ये खूप वर आहे, मैत्रिणी म्हणतात तीच टाक पहिली, पण मन होत नाहीये. आधी काय बघायचं असतं?

---

अगं, रँकिंग राहू दे बाजूला, आधी कोर्सची यादी उघड आणि तीही तू जाणारेस त्याच सेमिस्टरची, कारण वेबसाइटवर दिसतात सगळे पण काही विषय वर्षातून एकदाच असतात, आणि इंग्रजीतून आहे म्हणून आपण खूश होतो तो कोर्स निघतो मास्टर्सचा.

माझ्या लेकीचं झालं म्हणून कळकळीने सांगतेय. सगळं ठरवून गेली, तिथे पोचल्यावर कळलं दोन विषय रद्द. तिने तिथल्या सरांना विचारून दुसरे दोन घेतले, अभ्यास केला, मार्कही छान पडले, पण इकडच्या डिपार्टमेंटची लेखी परवानगी घ्यायची राहिली. परत आल्यावर त्या दोन विषयांचे १२ क्रेडिट धरलेच नाहीत. दोन सिलॅबस शेजारी ठेवून एकेका ओळीवर बोट फिरवत बसली होती, म्हणाली, "आई, सगळं तेच तर शिकवलंय गं." एक सेमिस्टर वाढलं पोरीचं.

युरोपात ६ क्रेडिटचा एक विषय म्हणजे १५० ते १८० तासांचा अभ्यास धरतात, तेवढी मेहनत वाया गेली की फार लागतं. इरॅस्मसमधून, म्हणजे युरोपियन युनियनच्या एक्स्चेंज योजनेतून गेलीस तर लर्निंग ॲग्रीमेंट असतं, कुठले विषय घेणार त्याचा लेखी करार, त्यावर तुझी, तुझ्या युनिव्हर्सिटीची आणि तिकडची, तिन्ही सह्या लागतात. विषय बदललास की तेही लगेच बदलून घे, तोंडी "चालेल" वर विसंबू नकोस.

---

ताईंचं अगदी बरोबर. जर्मनीचं अजून एक, तिकडे बहुतेक युनिव्हर्सिट्यांत विंटर सेमिस्टर ऑक्टोबर ते मार्च असतं, लेक्चर फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि परीक्षा त्यानंतर, त्यामुळे तुझं पुढचं सेमिस्टर जानेवारीत सुरू होत असेल तर दोन्ही एकमेकांवर येणार. ग्रेडही उलट्या, १.० सगळ्यात चांगली आणि ४.० म्हणजे जेमतेम पास, त्या तुझ्याकडे कशा बदलून धरतात ते आत्ताच विचार. आणि फी नक्की कोणाला भरायची ते बघ, एक्स्चेंज करारातून गेलं की साधारण आपल्याच युनिव्हर्सिटीला भरतो, स्वतंत्र अर्ज करून गेलं तर तिकडची.

---

मावशी, दादा, खूप थँक्यू. रात्री यादी काढली. मला हव्या त्या पाच विषयांपैकी रँकिंगवालीकडे दोनच आहेत आणि त्यातला एक फक्त जर्मनमधून. तिसऱ्या नंबरवर टाकलेलीकडे चार आहेत, तीच वर घेतलीय. सोमवारी चारही सिलॅबस प्रिंट करून कोऑर्डिनेटर मॅडमकडे जातेय, सही घेऊनच येते.